राज्यशास्त्रात पीएचडी : ‘माझा नंबर लागेल का?’ हे मोजायचं कसं

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना येणारे ‘अं’, ‘म्हणजे कसं’ वगैरे काढून टाकलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय. या भागात नियम आणि आकडे बरेच आहेत. बसमध्ये ऐकताना एखादा निसटला, तर इथे परत बघून घ्या.

‘ताई, एमएला ६२ टक्के आहेत, नेट दोनदा दिली, राज्यशास्त्रात पीएचडीला नंबर लागेल का?’ अशा अर्थाचा प्रश्न मला सतत येतो. कुणाला ५६ टक्के असतात, कुणाला ७१. कुणी लातूरचं, कुणी पणजीचं. मी स्वतः राज्यशास्त्रातच पीएचडी करतेय म्हणून लोक मला विचारतात, त्यात गैर काही नाही. पण टक्के ऐकून जो कुणी लगेच ‘लागेल’ किंवा ‘नाही लागणार’ असं सांगतो, तो अंदाजपंचे बोलतोय हे नक्की समजा.

आपल्याला सवय असते ती दहावी-बारावीच्या याद्यांची. कट-ऑफ लागतो, आपण वर असलो तर आत, खाली असलो तर बाहेर. पीएचडीचं गणित तसं चालत नाही. इथे एकामागोमाग एक पाच दारं आहेत आणि प्रत्येक दार वेगळ्या किल्लीने उघडतं. पहिली दोन दारं तुमच्या मार्कांनी उघडतात. तिसऱ्या दाराची किल्ली तुमच्या हातात नसतेच, ती विभागाकडे असते. आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती याच तिसऱ्या दारात. आत किती जागा रिकाम्या आहेत हे त्यांनी कधी विचारलेलंच नसतं.

तर एकेक दार बघू.

पहिलं दार : पात्रता

हे पटकन उरकू. सध्या देशभर लागू आहेत ते युजीसीचे २०२२ चे पीएचडी नियम. दोन वर्षांचं एमए असेल तर किमान ५५ टक्के हवेत. एससी, एसटी, ओबीसी नॉन-क्रिमीलेअर, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे, म्हणजे ५० टक्के. चार वर्षांची पदवी करून थेट पीएचडीला जायचं असेल तर ७५ टक्के लागतात, तिथेही ५ टक्क्यांची सवलत आहेच.

एम.फिल. आता बंद झालंय. घरातले मोठे किंवा जुने सर ‘आधी एम.फिल. कर’ म्हणाले तर त्यांना प्रेमाने सांगा की तो रस्ता आता उरलेला नाही.

इथे लक्षात ठेवायचं इतकंच. ५५ टक्क्यांची रेघ ओलांडली की ५६ आणि ७१ मधला फरक पुढे फारसा कामाला येत नाही. एमएच्या टक्क्यांवरून स्वतःला शहाणं किंवा मूर्ख ठरवत बसलात तर ते इथेच सोडून द्या. खरा खेळ पुढे आहे.

दुसरं दार : नेट, पेट आणि ७०-३०

पूर्वी जवळपास प्रत्येक विद्यापीठ आपली वेगळी प्रवेश परीक्षा घ्यायचं. आपल्याकडे तिला ‘पेट’ म्हणायचे. जून २०२४ पासून युजीसीने नेटचा निकाल तीन गटांत द्यायला सुरुवात केली. पहिला गट जेआरएफचा : फेलोशिप, असिस्टंट प्रोफेसरची पात्रता आणि पीएचडी प्रवेश, तिन्ही. दुसरा गट असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेशाचा. तिसरा गट फक्त पीएचडी प्रवेशाचा.

तिसऱ्या गटात नाव आलं की अनेक मुलं तोंड पाडून बसतात. ‘नेट निघाली नाही’ म्हणतात. अरे, पण पीएचडीच्या रांगेत तुम्ही उभे राहिलात ना! दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला नेटच्या गुणांना ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असं धरून प्रवेश मिळतो. पहिल्या गटाचा, म्हणजे जेआरएफवाल्यांचा, प्रवेश मुलाखतीवर होतो.

आता हे ७०-३० नेमकं काय करतं बघा. समजा एका मुलाचा स्कोअर १०० पैकी ८२ धरला. त्याचे ७० टक्के झाले ५७.४. मुलाखतीत त्याला १०० पैकी ५० मिळाले, त्याचे झाले १५. बेरीज ७२.४. शेजारच्या मुलीचा स्कोअर ७४, म्हणजे ५१.८. पण मुलाखतीत तिला ८५, म्हणजे २५.५. बेरीज ७७.३. लेखी परीक्षेत ८ गुणांनी मागे असलेली मुलगी जवळपास ५ गुणांनी पुढे गेली. ३० टक्के ऐकायला कमी वाटतात, पण लेखीत सगळे एकमेकांच्या जवळ असतात आणि मुलाखतीत मात्र लांब लांब फेकले जातात. त्यामुळे निकाल बऱ्याचदा तिथेच फिरतो.

दोन व्यवहारी गोष्टी. एक, दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचा स्कोअर पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतो. त्या वर्षात तुमच्या विद्यापीठाने प्रवेशाची जाहिरातच काढली नाही, तर परत परीक्षा. म्हणून एकाच विद्यापीठावर डोळा ठेवून बसू नका. दोन, काही विद्यापीठं अजून स्वतःची परीक्षाही घेतात. तिच्यात युजीसीच्या नियमाप्रमाणे अर्धा भाग संशोधन पद्धतीचा असतो आणि अर्धा विषयाचा. आपल्याकडची मुलं प्लेटो, कौटिल्य, राज्यघटना सगळं वाचून जातात आणि नमुना निवड म्हणजे काय, गृहीतक कसं मांडतात यावर आपटतात. हे टाळणं तुमच्या हातात आहे.

भाषेचा मुद्दा राहिलाच. राज्यशास्त्राची नेट इंग्रजी आणि हिंदीतून असते, मराठीतून नसते. मराठी माध्यमातून एमए केलेल्यांना हे जड जातं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यावर माझा उपाय साधा आहे : अभ्यासक्रमात दहा घटक आहेत, त्या प्रत्येक घटकातल्या संज्ञांची मराठी-इंग्रजी यादी स्वतःच्या हाताने बनवा. ‘सार्वभौमत्व’ माहीत असतं, ‘सॉव्हरिन्टी’ वाचलं की दोन सेकंद जातात. तीन तासांत १५० प्रश्न आहेत, ते दोन-दोन सेकंद महाग पडतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

तिसरं दार : रिकामा गाइड

आता मुख्य मुद्दा. इथे जरा सावकाश ऐका.

पीएचडीच्या जागा वर्गातल्या बाकांसारख्या नसतात. त्या गाइडच्या नावावर असतात. २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्रोफेसरकडे जास्तीत जास्त ८ विद्यार्थी, असोसिएट प्रोफेसरकडे ६ आणि असिस्टंट प्रोफेसरकडे ४. हे झालं कमाल. खरी संख्या काढायची तर वजाबाकी करावी लागते.

एक काल्पनिक विभाग घेऊ. एक प्रोफेसर, दोन असोसिएट, तीन असिस्टंट. वरवर हिशोब केला तर ८ अधिक १२ अधिक १२, म्हणजे ३२ जागा. किती छान! आता वजाबाकी सुरू करा.

तीनपैकी एक असिस्टंट प्रोफेसर नवीन आहेत. असिस्टंट प्रोफेसरना गाइड व्हायला पीएचडी आणि किमान तीन शोधनिबंध लागतात. त्यांचे तीन शोधनिबंध झालेले नाहीत. ४ जागा गेल्या, राहिल्या २८.

प्रोफेसरांकडे ६ जण आधीच काम करतायत, म्हणजे २ जागा रिकाम्या दिसतात. पण ते दोन वर्षांत निवृत्त होणार आहेत. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. तिथे शून्य.

दोन असोसिएट मिळून १२, त्यांच्याकडे ९ जण आहेत. राहिल्या ३. दोन असिस्टंट मिळून ८, त्यांच्याकडे ६ जण आहेत. राहिल्या २.

३२ वरून आपण आलो ५ वर. अजून थांबा. या ५ पैकी ३ जागा ज्यांच्याकडे आहेत ते आंतरराष्ट्रीय संबंधांवर काम करतात, आणि तुमचा विषय आहे विदर्भातल्या पंचायती. तुमच्यासाठी उरल्या २. त्यावर आरक्षणाचं रोस्टर लागणार. म्हणजे तुमच्या प्रवर्गासाठी कदाचित एक असेल, कदाचित एकही नसेल.

तेव्हा नेटमध्ये तुम्ही कितीही चमकलात तरी त्या वर्षी त्या विभागात तुमचा चान्स त्या एका जागेइतकाच. आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजच्या मान्यताप्राप्त संशोधन केंद्रात तुमच्याच विषयाच्या बाईंकडे दोन जागा रिकाम्या असू शकतात. तिथे कुणी अर्जच करत नाही, कारण नाव मोठं नाही.

हे सगळं कळणार कसं? तीन ठिकाणी बघा.

पहिलं, विद्यापीठाची वेबसाइट. गाइडची यादी, त्यांच्याकडचे विद्यार्थी, विषय आणि नोंदणीची तारीख ही माहिती विद्यापीठाने प्रसिद्ध करणं अपेक्षित आहे. प्रवेशाच्या वेळी रिक्त जागांचा तक्ताही लागतो. तो पीडीएफ कुठल्यातरी कोपऱ्यात असतो, शोधावा लागतो.

दुसरं, शोधगंगा. इन्फ्लिबनेटचं हे संकेतस्थळ, भारतभरातले प्रबंध तिथे फुकट वाचता येतात, मराठीतले सुद्धा. ज्या गाइडकडे जायचंय त्यांच्या हाताखाली पूर्ण झालेले तीन प्रबंध उघडा. विषय बघा, किती वर्षं लागली तेही बघा. त्या गाइडबद्दल कँटीनमध्ये जे ऐकाल त्याहून हे जास्त खरं असतं.

तिसरं, थेट विचारणं. ईमेल करा, चार ओळींचा. मी अमुक, विषय साधारण असा, तुमचा अमुक लेख वाचला, येत्या प्रवेशात आपल्याकडे जागा असेल का? ‘रिस्पेक्टेड सर, आय वॉन्ट टू डू पीएचडी अंडर युवर काइंड गायडन्स’ एवढंच लिहून पन्नास जणांना पाठवू नका. अशा मेलला उत्तर येत नाही आणि मग आपण म्हणतो, ओळखीशिवाय काही होत नाही. ओळखीपाळखी चालत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण रिकामी जागा, जुळणारा विषय आणि वाचून आलेला विद्यार्थी या तीन गोष्टी एकत्र आल्या की ओळख नसलेल्याचंही काम होतं. हे मी अनेकदा पाहिलंय.

चौथं दार : विषय आणि मुलाखत

मुलाखतीत मंडळ तीन गोष्टी चाचपून बघतं. याला हे काम जमेल का, हे काम आपल्या विभागात होऊ शकेल का, आणि यातून काही नवं कळेल का. तुमचं ज्ञान किती अफाट आहे यात त्यांना तितकासा रस नसतो.

बहुतेक जण विषय घेऊन येतात तो असा : ‘महाराष्ट्रातील महिलांचा राजकीय सहभाग’. हे एका अख्ख्या ग्रंथालयाचं शीर्षक झालं. यात प्रश्न कुठे आहे?

आता एक खरं उदाहरण देते. मुंबई महापालिकेत महिलांसाठी राखीव वॉर्ड फिरतात. एका निवडणुकीत राखीव असलेला वॉर्ड पुढच्या वेळी खुला होतो. रिखिल भवनानी या अभ्यासकाने यातून प्रश्न काढला : आरक्षण उठल्यावर त्या वॉर्डात महिला निवडून येतात का? त्यांनी १९९७ ला राखीव असलेले आणि नसलेले वॉर्ड घेतले आणि २००२ चे निकाल तपासले. आधी राखीव असलेल्या वॉर्डात महिला निवडून येण्याची शक्यता साधारण पाचपट निघाली. २००९ मध्ये हा लेख अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या सगळ्यात मानाच्या नियतकालिकांपैकी एकात, अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यूमध्ये छापून आला.

बघा, सामग्री आपल्या दारातली. दादर-कुर्ल्यातले वॉर्ड, जुने निकाल. ताकद होती ती प्रश्नात. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक संस्थांत महिलांचं आरक्षण ५० टक्क्यांवर नेलं. त्यानंतर तुमच्या तालुक्यात काय झालं? खुल्या झालेल्या जागेवर आधीची सरपंच परत उभी राहिली का? नाही राहिली तर का नाही? पक्षाने तिकीट दिलं नाही, घरच्यांनी थांबवलं, की तिलाच नको होतं? हा विषय पाच वर्षांत संपवता येतो, आणि तो तुम्हीच सगळ्यात नीट करू शकता, कारण त्या गावात तुम्हाला कुणी चहा दिल्याशिवाय परत पाठवणार नाही.

मुलाखतीला जाण्याआधी स्वतःला पाच प्रश्न विचारा. माझा प्रश्न एका वाक्यात काय? त्यावर आधी कुणी काय लिहिलंय? मी कुठली माहिती गोळा करणार? ती मला मिळेल कशावरून? आणि हाच विभाग का? पाचही उत्तरं घरच्या माणसाला समजतील अशा भाषेत देता आली, तर तुमचे ते ३० टक्के मजबूत आहेत. प्रबंध मराठीत लिहायचा असेल तर तेही आधीच विचारून घ्या. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत राज्यशास्त्राचे कितीतरी प्रबंध मराठीत झालेत.

पाचवं दार : पैसा

नंबर लागला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. ही दोन वेगळी दारं आहेत आणि घरी हे आधीच सांगून ठेवा.

जेआरएफ असेल तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार, पुढे एसआरएफ म्हणून ४२ हजार, शिवाय घरभाडं. केंद्रीय विद्यापीठात नेट फेलोशिप नसलेल्यांना महिन्याला ८ हजार. आठ हजारांत दिल्लीत किंवा हैदराबादेत कसं राहायचं, हा हिशोब ज्याचा त्याने करायचा. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या संशोधन फेलोशिप आहेत. पण त्यासाठी आधी पीएचडीला नोंदणी लागते, आणि जाहिरात कधी येईल, जागा किती असतील हे दर वर्षी बदलतं. त्यावर घरखर्च गृहीत धरू नका.

जेआरएफला वयाची अट आहे, खुल्या गटाला ३० वर्षं. महिलांना आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत. म्हणजे २७ वर्षांच्या खुल्या गटातल्या मुलाकडे, वर्षाला दोन परीक्षा धरल्या, तर मोजक्याच संधी उरतात. आणि परीक्षा वेळेवर होईलच असंही नाही. १८ जून २०२४ ला देशभर नऊ लाखांहून जास्त मुलांनी नेट दिली आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली. परत घेतली ती ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. तुमचं नियोजन कितीही पक्कं असलं तरी दोन-तीन महिने असे जाऊ शकतात, तेवढी ढील ठेवा.

मुलींसाठी एक गोष्ट खास सांगते, कारण हा प्रश्न घरात सगळ्यात आधी निघतो. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदलावं लागलं, तर महिला संशोधकाला आपलं काम दुसऱ्या संस्थेत नेण्याची तरतूद नियमांत आहे. २४० दिवसांपर्यंत मातृत्व रजा आहे. सहा वर्षांची मुदत, पुनर्नोंदणीची दोन वर्षं, आणि महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. ‘लग्न झालं की पीएचडी संपली’ असं कुणी म्हणालं तर हे नियम दाखवा. नियम आहेत म्हणून सगळं सोपं होतं असं नाही, पण वाद घालायला पायाखाली जमीन असते.

आणि अमेरिका?

हा प्रश्न येतोच. तिथली रचना वेगळी आहे, म्हणून चान्सही वेगळ्या पद्धतीने मोजायचा.

अमेरिकेत प्रवेशाच्या वेळी एका गाइडची रिकामी जागा शोधायची नसते. विभागाची एक समिती सगळे अर्ज वाचते. चांगल्या विभागांत काहीशे अर्ज येतात आणि वर्गात दहा-पंधरा, फार तर वीस जण येतात. निवडलेल्यांना साधारण पाच वर्षं फी माफ आणि वर मानधन मिळतं, बदल्यात शिकवण्याचं काम करावं लागतं. म्हणजे तिथे प्रवेशाचं आणि पैशाचं दार बहुधा एकच असतं. म्हणूनच ते इतकं अरुंद आहे.

अर्जात चार गोष्टी वजनदार : उद्देशपत्र, लेखनाचा नमुना, तीन शिफारसपत्रं आणि गुणपत्रक. जीआरई आता अनेक विभागांत ऐच्छिक आहे. यातलं शिफारसपत्र आपल्याला सगळ्यात महाग पडतं. ‘विद्यार्थी मेहनती व नम्र आहे’ असं सर लिहून देतात. तिथल्या समितीला हवं असतं की याने अमुक पेपर लिहिला, त्यात अमुक युक्तिवाद केला, आणि तो संशोधन करू शकेल असं मला अमुक कारणाने वाटतं. तसं लिहायला सरांनी तुमचं काम वाचलेलं असावं लागतं. म्हणजे तयारी एमएच्या पहिल्या वर्षापासून.

जुळणी तिथेही बघतातच. भारतीय राजकारण तिथे ‘तुलनात्मक राजकारण’ या उपशाखेत मोडतं. ब्राउनमध्ये आशुतोष वार्ष्णेय, पेन्सिल्व्हेनियात तारिक थाचिल, विस्कॉन्सिनमध्ये आत्ताच ज्यांचा उल्लेख केला ते भवनानी, अशी भारतावर काम करणारी माणसं जिथे आहेत तिथे तुमचा अर्ज वाचायला जाणकार वाचक मिळतो. जिथे असं कुणीच नाही, तिथे नाव कितीही मोठं असो, फी वाया.

आणि फी हलकी नाही. एका अर्जाला शंभर डॉलरच्या आसपास धरा. दहा अर्ज म्हणजे ८०-९० हजार रुपये, इंग्रजीच्या परीक्षेचा खर्च वेगळा. फी माफीसाठी विभागाला आधी लिहून विचारा, काही ठिकाणी मिळते. अर्जांच्या तारखा साधारण डिसेंबर ते जानेवारी, आणि बहुतेक ठिकाणी होकार कळवायची अखेरची तारीख १५ एप्रिल. प्रतीक्षा यादीतल्यांचं नशीब याच तारखेच्या आसपास हलतं, तेव्हा मार्चमध्ये रडत बसू नका.

आता स्वतःचा हिशोब मांडा

कागद घ्या. हो, कागदच, फोनमधल्या नोट्स नंतर सापडत नाहीत. पाच रकाने : पात्रता, स्कोअर, रिकामी जागा, विषय, पैसा. डावीकडे आठ-दहा विभागांची नावं, मोठी आणि लहान मिसळून. प्रत्येक रकान्यात ‘आहे’, ‘नाही’ किंवा ‘होऊ शकेल’ यांपैकी एकच शब्द.

एखाद्या ओळीत तिसऱ्या रकान्यात ‘नाही’ आलं, तर त्या वर्षी ती ओळ खोडा, बाकी रकाने कितीही सुंदर असोत. जिथे फक्त चौथ्या रकान्यात ‘होऊ शकेल’ आहे, तिथे तुमचा खरा चान्स आहे, कारण विषय सुधारणं हे दोन-तीन महिन्यांचं काम आहे. आणि दहाच्या दहा ओळी तिसऱ्या रकान्यात खोडल्या गेल्या, तर दोष तुमच्या अकलेचा नाही. यंदा जागाच नव्हत्या. हे कळणं फार गरजेचं आहे, कारण आपण नकार आला की तो थेट स्वतःच्या लायकीवर लावून घेतो. मी अशी हुशार मुलं पाहिलीत, ज्यांनी एका नकारानंतर पुस्तकं रद्दीत घातली. आणि त्यांच्या विषयाच्या गाइडकडे पुढच्याच वर्षी जागा झाली.

अजून एक प्रश्न कागदाच्या तळाशी लिहा : मला पीएचडी कशाला हवी? असिस्टंट प्रोफेसर व्हायचंय एवढंच उत्तर असेल तर १ जुलै २०२३ पासून त्या पदाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा सेट ही किमान अट आहे, पीएचडी ऐच्छिक आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट राज्यशास्त्रात मराठीतूनही देता येते. आधी ते करा. ‘एमपीएससी होत नाहीये, तोवर काहीतरी चालू राहील’ हे उत्तर असेल तर सहा वर्षं हा फार महाग टाइमपास आहे. आणि एखादा प्रश्न खरंच डोक्यातून जात नसेल, तर मग दोन-तीन फेऱ्या नक्की द्या. पण फेऱ्यांचा आकडा आजच ठरवा, घरच्यांनाही सांगा. मधल्या काळात कमाईचं काहीतरी हातात ठेवा. नोकरी करत असाल तर मालकाच्या ना हरकत प्रमाणपत्रावर अर्धवेळ पीएचडीही करता येते.

या आठवड्याचं काम देते आणि थांबते. शोधगंगेवर जा, आपल्या आवडीच्या विषयावरचा एक प्रबंध उघडा आणि फक्त पहिलं प्रकरण वाचा. त्यात न विचारलेला एक प्रश्न तुम्हाला सुचला, तर तो कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा. आठवडाभराने तो परत वाचा. तेव्हाही कुतूहल वाटलं, तर समजा मुलाखतीची तयारी सुरू झाली.

चला मंडळी, पुढच्या भागात संशोधन आराखडा कसा लिहायचा ते बोलू. एमए करणारा कुणी मित्र, कुणी मैत्रीण गोंधळात असेल तर त्यांना हा भाग पाठवा. काळजी घ्या, वाचत राहा!